कोरडा पुठ्ठा

पुठ्ठा कोरडा होता.

सासऱ्यांनी तो स्कूटरखालून ओढून काढला, तळव्याने चाचपला, नाकाशी नेला. थेंबाचाही वास नाही. काल संध्याकाळी दोन लिटर ओतलेलं आणि आज टाकीत ठणठणाट.

"पोरी, पावडर आण. अंगाला लावायची."

सुनेने डबा आणून दिला. त्यांनी कॉक, पाइप, कार्बोरेटर, जिथे म्हणून जोड आहे तिथे पावडर चोपडली आणि वर पुन्हा दोन लिटर ओतलं. पेट्रोल पाझरलं की पावडर भिजते, खोटं बोलत नाही. चाळीस वर्षं मेकॅनिकी केलेला माणूस. याहून जास्त काही लागत नाही त्याला.

(इथे सुनेने बोलायला हवं होतं.)

"चहा टाकू, बाबा?" ती म्हणाली.

पेट्रोल गळत नव्हतंच. ते न्हाणीघरात, कपडे धुण्याच्या मशीनमागे, कॅनमध्ये होतं. रोज दुपारी सासरे आडवे झाले की सून पाइप सोडवून कॅनमध्ये सोडायची, कॉक उघडायची, टाकी रिकामी झाली की सगळं होतं तसं जोडून ठेवायची. ही विद्या तिला त्यांनीच शिकवलेली, ती लग्न होऊन आली त्या वर्षी. "गाडीवर बसणाऱ्याला गाडी उघडताही आली पाहिजे," म्हणाले होते.

गेल्या महिन्यात ती त्यांच्या मागे बसली होती. शाळेच्या फाटकासमोर रस्ता ओलांडणारी पोरं त्यांना दिसली, तेव्हा मध्ये हातभर अंतर उरलं होतं. "ऊन डोळ्यांवर आलं," ते म्हणाले. आभाळ भरलेलं होतं.

"वडील तुमचे. तुम्ही सांगा गाडी बंद करा म्हणून."

"तुझं ऐकतात. तू सांग," नवरा म्हणाला.

मांजराच्या गळ्यात घंटा कुणीच बांधली नाही. तिने पेट्रोल काढायला सुरुवात केली, आणि तिसऱ्या दिवशी दुसरा कॅन आणावा लागला.

पावडर लावली त्याच्या दुसऱ्या दुपारी तिने पाइप काढला, पेट्रोल सोडलं, पाइप लावला. मग जोडावर, पुसली गेली होती तिथे, आपल्या बोटाने नवी पावडर चोपडली. त्यांनी लावली होती तशीच, थोडी जाडसर. गुलाबाचा वास येत होता.

सासरे उठले. टाकी रिकामी, पावडर कोरडी.

पाइप बदलला. वॉशर बदलला. फ्लोटची सुई बदलली. समोरचा शिंपी दुकानातून ओरडला, "मिस्त्री, गाडी पिते की गाडीवाला?"

एरवी त्यांनी त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली असती. त्या दिवशी म्हणाले, "पान्यांची पेटी उद्या घेऊन जा. तुझ्या मशीनला उपयोगी पडेल."

"अहो, थट्टा केली."

"मी नाही करत. हात गेले माझे. गळती सापडत नाही, मग पेटी कशाला अडवून ठेवायची?"

(इथेही.)

सकाळी, शिंपी यायच्या आत, सुनेने ब्लेड घेतलं. पाइपच्या खालच्या अंगाला एक चीर दिली. कॉक उघडला. थेंब धरला, लोंबला, पुठ्ठ्यावर पडला.

"बाबा! वास येतोय बघा!"

एका पायात चप्पल घालून ते आले. वाकले. डोळ्यांनी नाही, बोटांनी शोधलं. अंगठा पाइपवरून सरकत गेला आणि थांबला.

"सापडली!" म्हातारा पोरासारखा ओरडला. "बोलाव त्या शिंपड्याला! म्हणावं, पेटी मिळणार नाही!"

ती हसली. किती दिवसांनी हसली.

अंगठा पुन्हा चिरेकडे गेला. एकदा इकडून. एकदा तिकडून.

"पाइप परवाच घातलाय," ते हळू म्हणाले. "आणि रबर तडकतं ते वेडंवाकडं. हे सरळ आहे."

(इथे तर बोलायलाच हवं होतं.)

त्यांनी कॉक बंद केला. फडक्याने हात पुसले, एकेक बोट सावकाश.

"आधीचं कुठाय?"

"न्हाणीघरात. मशीनच्या मागे."

"झाकणं घट्ट लावलीस ना? घरात गॅस पेटतो."

तिने मान हलवली.

ते थांबून राहिले. तिच्या तोंडाकडेच बघत होते, तरी थांबून राहिले.

"तोंडाने सांग, पोरी," ते म्हणाले. "मान हलवलेली दिसत नाही मला."