बापाचा आवाज

हाही टेक वाया गेला. काचेपलीकडून डबिंगची डायरेक्टर म्हणाली, "काका, राग येतोय, पण खरा वाटत नाहीये. परत एकदा घेऊ."

काकांनी हेडफोन सारखा केला आणि मनातल्या मनात तिला दोन शिव्या हासडल्या. त्यांच्या मुलीच्या वयाची पोरगी, आणि त्यांना राग शिकवत होती. पडद्यावर, ज्याला ते आवाज देत होते तो म्हातारा फाटकात उभा होता. समोर मोटरसायकलवर त्याचा मुलगा, मानेवर रुळणारे केस, मागे मित्र, पुढे मोकळा रस्ता. अख्ख्या सिनेमात म्हाताऱ्याच्या वाट्याला तीनचार वाक्यं. तेवढ्यांनी सकाळपासून काकांना घाम फोडला होता.

खरं तर हा सिनेमा त्यांचा होता. ऐन पंचविशीत त्यांनी ह्यातल्या मुलाला आवाज दिला होता. घरदार सोडून निघालेला, कुणाच्या बापाला न भिणारा तो पोरगा म्हणजे आपणच, असं त्यांना कितीतरी वर्षं वाटत आलं होतं. वडिलांनी खटपट करून मिळवलेली कचेरीतली नोकरी त्यांनी त्याच भरात नाकारली होती. आता सिनेमा धुऊनपुसून, नव्या आवाजांत पुन्हा येत होता. मुलासाठी कुणीतरी तरुण नट घेतला होता. काकांना बोलावणं आलं ते बापासाठी. हे त्यांना चांगलंच झोंबलं, तरी ते आले.

डायरेक्टरचं म्हणणं, दोष काकांचा नाहीच, सिनेमाच जुना झालाय. रस्ते सुरेख, गाणी सुरेख, पण असे बाप आता राहिलेत कुठे? हल्लीचे बाप पोरांना स्वतःच गाडी घेऊन देतात. जमत नसेल तर सीन कापून टाकू, कुणाला कळणारही नाही.

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हा सिनेमा कधी जुना होणार नाही," ते म्हणाले. "मी ह्यात वाढलोय. लाव परत."

तिने सीन लावला. म्हातारा तोंड उघडणार, इतक्यात काकांच्या खिशात फोन थरथरला. फोन बाहेर ठेवून आत यायचं, हे नव्या मुलांना काकाच दरडावून सांगत. आज त्यांनी स्वतःच नियम मोडला होता, कारण आज त्यांची मुलगी निघणार होती. बँकेतली पक्की नोकरी सोडून, मैत्रिणीबरोबर, मोटरसायकलवर. कुठवर आणि कधीपर्यंत, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. आठवडाभर घरात अबोला होता. ती न बोलताच निघून जाईल, अशी त्यांना धास्ती होती. त्यांना एवढंच म्हणायचं होतं, सांभाळून जा. त्यांनी ते मनाशी पक्कं करून ठेवलं होतं.

त्यांनी हाताने थांबायची खूण केली, हेडफोन उतरवला आणि तिथेच फोन कानाला लावला.

मुलगी म्हणाली, निघतोय बाबा, स्टुडिओवरूनच जाणार आहोत, दोन मिनिटं खाली येता का? तिच्यामागे गाडी सुरूच होती. मैत्रीण कशाला तरी खळखळून हसत होती. ते हसणं ऐकलं आणि काकांनी ठरवलेलं सगळं विस्कटलं.

"खाली कशाला येऊ? शोभा बघायला?" ते म्हणाले. "लोकांच्या पोरी घरं उभी करतात आणि तू घर सोडून रस्त्याला लागतेस. जा, खुशाल जा. पण तोंड पोळलं म्हणजे हे दार आपल्यासाठी उघडं असेल, अशा भ्रमात राहू नकोस."

पलीकडे गाडीचा आवाज वाढला. मग फोन बंद झाला.

काकांनी तो खिशात टाकला. दुसऱ्याच क्षणी खिसा चाचपला आणि टाकला तिथे नीट आहे ना ते उगाच पाहिलं. परत लावावा का? पण लावून म्हणायचं काय? त्यांनी हेडफोन चढवला, घसा साफ केला आणि म्हणाले, "हं, चालू कर."

काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट खाली मान घालून बसला होता. डायरेक्टरने बोलायचं बटण दाबलं.

"नको, काका. माइक चालू होता," ती म्हणाली. "तुमचंच खरं आहे. सिनेमा अजिबात जुना झालेला नाही."