सहा स्क्रूंचं पाऊल

वादो जिना बसून उतरत होता. घर खांबांवर होतं, पायऱ्या अकरा. दोन्ही तळवे मागच्या पायरीवर टेकायचे, उजवा पाय खाली ठेवायचा, प्लास्टरमधला डावा हवेत धरायचा आणि बूड घसरवायचं. खाली त्याची बायको एपॉ कुबड्या धरून उभी होती.

"आठ मिनिटं," ती म्हणाली. "काल दहा लागली होती."

"उद्या उडी मारतो."

"मार. मग डॉक्टरकडे नेणार नाही. इथंच करवतीनं कापून टाकीन."

पाच आठवड्यांपूर्वी फा-आन शहरातल्या मिन ठाइकशी ठोशा-लाथांची लढत लढताना वादोची डावी लाथ त्याच्या कोपरावर बसली होती. कोपराला काही झालं नाही. पावलाची तीन हाडं मोडली, आणि तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. त्या पावलावर वादो आणखी दोन फेऱ्या उभा राहिला. त्यांच्या आखाड्यात गुण मोजत नाहीत. एक आडवा होऊन उठलाच नाही तर दुसरा जिंकतो, पाच फेऱ्या दोघेही उभे राहिले तर बरोबरी. बरोबरी झाली, आणि वादोच्या पावलात एक पट्टी आणि सहा स्क्रू बसले.

"वर्षभर लाथ मारायची नाही," डॉक्टरने बजावलं होतं. "पट्टी मोडली तर दुसऱ्यांदा जोडणार नाही मी. पाऊल कापावं लागेल."

तेव्हापासून एपॉने त्याला सांभाळलं होतं. आंघोळीला प्लास्टरवर पिशवी चढवून वरून सायकलची ट्यूब बांधायची. प्लास्टिकच्या खुर्चीला भोक पाडून तिने संडासाची सोय केली. रात्री पाऊल तांदळाच्या पोत्यावर, छातीपेक्षा उंच. प्लास्टरच्या आत खाज सुटली की ती विणायची सुई स्वतः घालायची, त्याच्या हातात देत नसे.

त्याच दुपारी मिन ठाइक पपनस घेऊन आला. त्याला बघायला शेजारीपाजारी जमले.

"वहिनी, पाऊल कसं आहे?"

"पाऊल माझं आहे," वादो म्हणाला. "मला विचार."

"बरं, तुला विचारतो. कसं आहे?"

"तुझ्या तोंडावर बसेल इतपत बरं आहे."

मिन ठाइक हसला. "वर्षभर आराम कर रे. तोवर मी म्हातारा होईन, मग हरवशील मला."

लोक हसले. वादो हसला नाही. पाऊल पोत्यावर ठेवून, बसल्या बसल्या त्याने डावा हात कोपरात दुमडला आणि उजव्या पंजाने दंडावर शड्डू ठोकला. तीनदा.

चारचौघांत ठोकलेला शड्डू त्या भागात कुणी परत घेत नाही आणि त्याला उत्तर न देणाऱ्याला पुढे कुणी आखाड्यात उभं करत नाही. मिन ठाइकने प्लास्टरकडे पाहिलं, मग एपॉकडे. मग सावकाश आपल्या दंडावर हात मारला.

"नवीन वर्षाच्या जत्रेत," तो म्हणाला.

एपॉ दोन दिवस 'लढू नको' म्हणून भांडत राहिली. तिसऱ्या दिवशी गोळ्या आणायला फा-आनला गेली, संध्याकाळी परतली आणि भात वाढला. त्यानंतर तिने एकदाही 'लढू नको' म्हटलं नाही. आली ताळ्यावर, असं वादोला वाटलं.

प्लास्टर निघालं तेव्हा डावी पोटरी उजवीपेक्षा चार बोटं बारीक होती. आधी टाच, मग बाहेरची कड, शेवटी बोटं, असं तो पुन्हा चालायला शिकला. वस्तादांनी त्याला स्टुलावर बसवून ठोसे मारायला लावले.

"डावी लाथ विसर."

"विसरलो, वस्ताद."

वस्तादांनी अचानक ओला पंचा त्याच्या अंगावर फेकला. वादोचा डावा पाय आपोआप वर गेला.

"विसरलास म्हणे गाढवा!" वस्ताद ओरडले. ओट्यावर तांदूळ निवडणारी एपॉ उठून आत गेली.

जत्रेत ढोल वाजू लागले. मुठींना नुसत्या कापडी पट्ट्या. पहिल्या फेरीत वादोने डोक्याची धडक मारून मिन ठाइकची भुवई फोडली. रक्त डोळ्यात उतरलं तरी मिन ठाइकची नजर वर येईना. तो सारखा वादोच्या डाव्या पावलाकडे बघत होता. हरामखोर त्यावरच टपलाय, वादोच्या लक्षात आलं.

दुसऱ्या फेरीत वादोचा डावा पाय आपोआप उठला. मिन ठाइक त्याच क्षणी छातीला छाती भिडवून आत घुसला. पाऊल कुठेही न आदळता त्याच्या पाठीमागे हवेत गेलं आणि त्याच्या कपाळाची धडक वादोच्या हनुवटीखाली बसली.

वादो आडवा झाला. पडलेल्याला सावरायला एकदाच दोन मिनिटं मिळतात. वस्तादांनी मानेवर बर्फ दाबला, कान चोळले. "बस झालं, पोरा."

वादो दोरी धरून उठला आणि शड्डू ठोकला. लोक पिसाळल्यासारखे ओरडले. मिन ठाइकने क्षणभर डोळे मिटले. मग तो धावून आला. एक कोपर कानशिलावर, दुसरं जबड्यावर. एक दात फळीवर उडाला. वादोचे हात खाली आले होते, तरी तिसरं बसलंच.

शुद्ध आली तेव्हा तो ताडपत्रीखाली पडला होता. डोळे उघडत नव्हते. त्याने आधी डाव्या पायाची बोटं हलवली. पाचही हलली. दुखलंसुद्धा नाही. मग तोंडातल्या रक्ताची चव कळली, आणि शरम वाटली. हात खाली आलेल्या माणसाला मारतो हा कसाई. पुढच्या वर्षी फाडीन त्याला.

जवळच एपॉ कुणावर तरी कडाडत होती. मधूनच मिन ठाइकचा पडेल आवाज येत होता. माझी बायको माझ्यासाठी भांडतेय, या विचाराने वादोला जरा बरं वाटलं. त्याने कान दिला.

"पहिल्याच फेरीत झोपव म्हणून फा-आनला येऊन तुझ्या पाया पडले होते ना मी? मग त्याची लाथ उठेपर्यंत थांबलास कशाला?"