पंचफुलाचा दम

"लातूर जिल्हा झाला, आता आपल्या माणसाला मरायलासुद्धा उस्मानाबादला जावं लागणार नाही," असं केरबाने पारावर ठणकावून सांगितलं आणि त्याच आठवड्यात त्याची बायको पंचफुला दुष्काळी कामावर मातीच्या घमेल्यासकट कोसळली. तिला आणि आपल्या आईला सोबत घेऊन त्याने लातूरचा दवाखाना गाठला.

"हिच्या हृदयाला जन्मापासून छिद्र आहे," तपासून डॉक्टर म्हणाले. "म्हणूनच एवढा दम लागतो. ऑपरेशनला मुंबईला न्यावं लागेल."

केरबा बोटांवर मुंबईच्या खर्चाचा हिशेब मांडू लागला. पंचफुलाला मात्र कधी नव्हे ते हायसं वाटलं.

"जन्मापासून? म्हंजे लग्नाच्या आधीपसून?"

"हो."

"मग डाक्टरसाब, जरा बाहीर येता का? सासूबाई लग्न झाल्यापसून मला कामचुकार म्हणू राहिल्यात. त्यायला एवढं सांगा. जरा मोठ्यानं, त्यायला कमी ऐकू येतंय."