डाळिंबाची पाटी

पाटीवरचं अक्षर कानाएचं होतं. चष्मा घरी राहिला होता, शब्द लागत नव्हते. पण ते डावीकडे कलणारं वळण मिसाओनं लगेच ओळखलं.

किशिमोजिनच्या देवळात नवसाच्या लाकडी पाट्या टांगल्या होत्या. प्रत्येकीवर डाळिंब रंगवलेलं. ही देवी म्हणजे मूळची हारीती. लोकांची पोरं खायची. बुद्धानं तिचं धाकटं पोर दडवलं, तेव्हा कुठे तिला आईचं दुःख कळलं आणि ती पोरांची राखण करू लागली. नऊ वर्षं मिसाओ दर महिन्याला तिच्यापुढे येऊन एकच मागत होती. माझी लेक परत दे.

कानाए चोविसाव्या वर्षी घरातून गेली. त्याआधी मिसाओनं तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. पोरगी ओसाकाला पळाली, तर तिची खोली हुडकून केसांना धरून परत आणलं होतं. सगळं तिच्या भल्यासाठीच, असं मिसाओ अजूनही सांगे. दुसऱ्यांदा गेली ती गेलीच. नवराही मग फार जगला नाही. मिसाओ रोज दोघींपुरता भात लावी आणि उरलेला टाकून देई.

लहानपणी कानाए आजीबरोबर इथं यायची. मिसाओ तेव्हा देवळाकडे फिरकतही नसे. आता आई इथं येते, हे कानाएच्या गावीही नसणार.

पुजाऱ्याची बायको योशिए अंगण झाडत होती. मिसाओनं पाटी काढून तिच्यापुढे धरली.

“माझ्या मुलीचं अक्षर आहे. जिवंत आहे हो ती. वाचा ना.”

योशिएनं वाचलं. मग पुन्हा वाचलं. राहू द्या, असं काहीतरी पुटपुटत ती पाटी परत टांगायला निघाली, पण मिसाओनं तिची बाही सोडली नाही. शेवटी तिनं हलक्या आवाजात वाचून दाखवलं.

“देवी, मला मुलगी झाली. माझ्या आईला कळू देऊ नकोस.”

मिसाओ पायरीवर बसली. बराच वेळ आवाज न करता रडली. योशिए तिच्या शेजारी टेकली, तिच्या पाठीवर हात ठेवून. मग मिसाओनं बाहीनं डोळे पुसले.

“खाली गावाचं नाव असेल,” ती म्हणाली. “लिहायची पद्धतच आहे. बघा की.”

होतं. गावाचं होतं, बाळाचंही होतं. योशिएनं त्या ओळीवर अंगठा ठेवला.

“नाही, मिसाओबाई,” ती म्हणाली. “काहीच नाही.”