समुद्र शांत असताना
घर विकत घेण्याआधी गाव कळावं, म्हणून पॅरिसहून येऊन आम्ही द्राक्षमळ्यालगतच्या त्याच घराचा खालचा मजला भाड्याने घेतला. पहिल्याच आठवड्यात बाळाच्या वाळत्या दुपट्यांवर मोरचुदाचे निळे शिंतोडे उडाले. गल्लीतल्या बाकी दोऱ्या रिकाम्या होत्या. “वारा पडून समुद्र निपचित झाला की फवारणी असते, पॅरिसकरीणबाई,” समोरच्या मादाम कस्तेल खिडकीतून हसल्या. “तान्हं बाळ आहे घरात! आधी सांगायचं नाही?” “गावात राहायचंय ना? मग शिका.” तेव्हापासून मी उठल्याउठल्या समुद्र बघते. काल वरच्या मजल्यावर लियाँ शहरातलं एक जोडपं उतरलं. त्यांनाही हेच घर घ्यायचंय. आज ती बाई लेकीचे फ्रॉक वाळत घालताना म्हणाली, “समुद्र किती शांत आहे, नाही?” “फारच,” म्हणत मी ओली दुपटी आत नेली. समोर खिडकी लावताना मादाम कस्तेलनी पहिल्यांदाच मला ‘बोंजूर’ म्हटलं.