आज मी पाहुणा

स्तामेना मावशींनी मोजा खाली ओढला आणि आपला सुजलेला गुडघा डॉक्टर वेलिबोर यांच्या शेजारच्या खुर्चीवर ठेवला. डॉक्टरांनी माशाचा काटा ताटाच्या कडेला लावला. गुडघ्याकडे न पाहताच ते म्हणाले, "मावशी, आज मी—"

"पाहुणा, सोमवारी या!" टेबलाभोवतीच्या चौदा माणसांनी एका सुरात वाक्य पुरे केले आणि हशा पिकला. मावशीही हसल्या. तोवर गुडघा मेला तर निदान त्याला पुरायला तरी ये बाबा, असे म्हणत त्यांनी मोजा वर घेतला.

नियम डॉक्टरांनीच घातला होता आणि त्यात गैर काही नव्हते. तीस वर्षे ते जिल्ह्याच्या रुग्णालयात शल्यचिकित्सक होते. लोक त्यांना बसथांब्यावर जीभ दाखवीत, न्हाव्याच्या दुकानात क्ष-किरणांचे फोटो उजेडाला धरीत. रुग्णालयाच्या व्हरांड्यातून जाताना तर बाटल्या घेऊन उभ्या असलेल्या माणसांतून वाट काढावी लागे. घरी गाळलेल्या राकिया दारूची बाटली कागदात गुंडाळून डॉक्टरांपुढे धरल्याशिवाय दुखणे सांगायला या भागातल्या माणसाचे तोंडच उघडत नाही. वर्षातून एकदा, संत निकोलसाच्या दिवशी, आपला शाळासोबती ग्वोज्देन याच्या घरी तरी आपण फक्त जेवावे, एवढेच त्यांना हवे होते.

संत निकोलस हा ग्वोज्देनच्या कुळाचा संत. त्याच्या नावाची मेणबत्ती सकाळी पेटते आणि ती जळते तोवर यजमान बसत नाही. बोलावणे कोणालाही जात नाही. एकदा आलेला पाहुणा दरवर्षी आपण होऊन येतो. आणि ग्वोज्देनसारखा यजमान तर पंचक्रोशीत नव्हता. गेल्या वर्षी सण होऊन तीन-चार दिवस लोटले होते, तरी हा गृहस्थ सणाचाच कोट घालून, राकियाची बाटली घेऊन रुग्णालयात हजर. डॉक्टर शस्त्रक्रियेला निघाले होते. "अरे, सण संपला तरी तुझं वाढणं काही संपत नाही," असे म्हणून त्यांनी बाटली काखेत मारली, मित्राच्या पाठीवर थाप दिली आणि ते आत गेले. आज सूप वाढले जात असताना डॉक्टरांनी हा किस्सा सर्वांना रंगवून सांगितला होता. सगळे हसले होते. ग्वोज्देनही हसला होता.

आता तो भाजलेल्या कार्प माशाचे तबक घेऊन डॉक्टरांच्या खांद्याशी वाकला. खिडकीतून आलेले हिवाळ्याचे ऊन त्याच्या चेहऱ्यावर पडले. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होता.

डॉक्टरांचा हात ताटावरच थांबला. मग बाकीचेही दिसू लागले. पट्ट्याला खिळ्याने पाडलेले नवे भोक. बोटातून निसटू नये म्हणून दोरा गुंडाळलेली लग्नाची अंगठी. मनगटावर खाजवल्याचे ओरखडे. हा पिवळेपणा त्यांनी तीस वर्षांत शेकडो वेळा पाहिला होता. आतली गाठ आधी काही बोलत नाही, आणि हा रंग दिसू लागतो तेव्हा सुरीला करण्यासारखे बहुधा काही उरलेले नसते.

ग्वोज्देन वाइन आणायला कोठीच्या खोलीत गेला. डॉक्टर मागोमाग उठले. पाठीमागून कोणीतरी म्हणाले, पाहुणा बघा, आज वाढायलाही लागला.

कोठीत त्यांनी दार लोटून घेतले आणि मित्राला बसायला सांगितले. मेणबत्ती जळते आहे, असे तो म्हणाला. मग त्यांनी त्याला उभ्यानेच भिंतीशी टेकवले, जाकिटाची बटणे काढली आणि बरगड्यांखाली बोटे रुतवली. बोटांना जे लागायला नको होते ते लागले. त्यांनी पुन्हा चाचपून पाहिले.

"चल," ते म्हणाले. "गाडी बाहेर आहे. आत्ता चल."

ग्वोज्देनने एकेक बटण लावून घेतले. मागच्या महिन्यात तो बेलग्रेडला जाऊन आला होता. ट्रॅक्टरचा सुटा भाग आणायला जातो, असे त्याने बायकोला, स्तानाला सांगितले होते. तपासणीचे कागद इथेच, कोठीतल्या बरण्यांच्या मागे होते. तिथल्या डॉक्टरांनी सांगितले होते की वर्षभर आधी यायला हवे होते. स्तानाला सण झाल्यावर सांगणार होता. आजच्या स्वयंपाकात तिचे मन लागायला हवे होते.

डॉक्टरांनी विचारले, कधीपासून?

"गेल्या सणापासून," ग्वोज्देन म्हणाला. "इथंच, या फडताळापाशी तुला सांगायला लागलो होतो, पोटात काहीतरी आहे म्हणून. तू म्हणालास, आज मी पाहुणा, सोमवारी ये."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर डॉक्टरांना सोपे गेले असते. त्यांना आठवेना. गेल्या वर्षी त्या दिवशी हे वाक्य आपण किती जणांना ऐकवले, तेही आठवेना. मग संताप आला, आणि तो उतरवायला समोर दुसरे कोणीच नव्हते.

"मग सोमवारी यायचं होतंस ना!" ते ओरडले. "का नाही आलास?"

ग्वोज्देनने वाइनच्या सुरईवरची धूळ बाहीने पुसली. बाहेर पाहुणे रिकामे पेले वाजवीत यजमानाला हाका मारीत होते.

"आलो होतो, वेल्या," तो म्हणाला. "बाटली घेऊन."