पोटातला पडदा

पिशवी हलकी होती. आईने ती काट्यावरून काढली, काटा शून्यावर आणला, पुन्हा टांगली. तेवढीच. सकाळी नळीने चिऊच्या पोटात सोडलं होतं सातशे मिली, चार तासांनी बाहेर आलं साडेसहाशे.

सहा वर्षांच्या चिऊच्या दोन्ही किडन्या निकामी. वर्षभर सगळा संसार पोटातल्या एका पातळ पडद्यावर चालला होता. पडद्याच्या अलीकडे साखरेचं पाणी भरायचं, पलीकडे रक्त. साखर अंगातलं साचलेलं पाणी ओढून घ्यायची आणि पिशवी जड होऊन परत यायची.

"हलकी यायला लागली की पडदा दमला समजा," डॉक्टर म्हणाले होते. "साखरच पलीकडे निसटून जाते, मग पाणी ओढणार कोण? आणि रक्त धुवायचं मशीन हिच्या शिरांना झेपायचं नाही."

"चिऊ, खरं सांग. चोरून पाणी प्यायलीस?"

"नाही."

"तोंड धुताना?"

"नाही गं. चूळ भरते नि सगळी थुंकते. विचार बेसिनला."

पापण्या सुजल्या होत्या. आईने तिचा मोजा खाली केला, घोट्यावर बोट दाबलं. खळगा पडला तो तसाच राहिला.

"प्यायली असशील तर मी मारणार नाही. रागावणारसुद्धा नाही."

"अगं, पिऊन सूज येईल," दारात उभे असलेले चिऊचे बाबा म्हणाले. "पिशवी कशी हलकी होईल? तूच तर मला शिकवलंस हे."

"तुम्ही मध्ये बोलू नका."

तिला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच ती लेकीसमोर गुडघ्यांवर बसली, तिचे दोन्ही गाल ओंजळीत धरले.

"एकच घोट? फ्रीजमधला बर्फ चाटलास? बाबांच्या पेल्यात उरलेलं? आठव, बाळा. नीट आठव."

चिऊने खरंच आठवून पाहिलं. कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत, कपाळाला आठ्या घालून, सकाळपासूनचं सगळं. मग ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली. बराच वेळ.

"आई," तिने हळूच विचारलं, "प्यायले म्हणू का?"